कॉल गेला, नक्कल राहिली

परभणीकडच्या काळ्या भारी जमिनीत वाफसा आला की नाही, हे जुने शेतकरी मूठभर माती दाबून आणि ढेकूळ कसे फुटते ते पाहून सांगतात. गेल्या पावसाळ्यात तिथल्या एका प्रशिक्षणवर्गात एका विद्यार्थिनीने हाच अंदाज ओलाव्याच्या सेन्सरकडून काढायला घेतला होता. बोर्ड साधा अर्डुइनो उनो. म्हणजे एटीमेगा ३२८पी चिप, १६ मेगाहर्ट्झ वेग आणि अवघी २०४८ बाइट रॅम. सेन्सरचा आकडा मधूनच उडी मारायचा, म्हणून ती शेवटची ९ वाचने साठवून त्यांतले मधले घेत असे. ९ वाचनांचे १८ बाइट आणि वेळेचे ४, असे २२ बाइटचे एक स्ट्रक्चर.

आधी तिने या स्ट्रक्चरचा पॉइंटर फंक्शनला दिला होता. मधले वाचन काढायचे तर वाचने चढत्या क्रमाने लावावी लागतात. फंक्शनने ती मूळ जागीच लावून टाकली. पुढच्या फेरीत सर्वांत जुने वाचन काढून तिथे नवे भरायचे होते, पण जुने कोणते हेच पुसले गेले होते. चूक लक्षात आल्यावर तिने स्ट्रक्चर बाय व्हॅल्यू पाठवले आणि आकडे ताळ्यावर आले. तिचा निर्णय अगदी बरोबर होता. मग ती म्हणाली, "सर, फंक्शन छोटे आहे, कंपायलर ते इनलाइन करतो. मी असेंब्ली काढून पाहिली, कॉल कुठेच नाही. म्हणजे कॉपीचाही खर्च नाही."

कॉल नव्हता हे खरे होते. कॉपी मात्र तिथेच होती. कॉलच्या जागी मूळ स्ट्रक्चरमधून एकेक बाइट उचलून दुसरीकडे ठेवणारे छोटे लूप बसले होते. हा लेख हाती घेणाऱ्या अनेक अनुभवी वाचकांचीही समजूत त्या विद्यार्थिनीसारखीच असेल. माझीही बरीच वर्षे तशीच होती. इनलाइनिंग तपासायचे म्हणजे असेंब्लीत कॉल शोधायचा, तो सापडला नाही की समाधानाने फाइल बंद करायची. आर्ग्युमेंट बाय व्हॅल्यू असेल तर ही तपासणी अर्धवट राहते.

हिशेबच करू. या चिपवर कॉलला ४ सायकल लागतात आणि परत यायला ४. एक बाइट मेमरीतून उचलायला २ सायकल आणि ठेवायला २. म्हणजे २२ बाइटच्या कॉपीला लूपचा खर्च न धरताही ८८ सायकल. इनलाइनिंगने ८ सायकल वाचवल्या आणि ८८ तशाच राहिल्या. पाव तासाला एकदा माती मोजणाऱ्या यंत्राला साडेपाच मायक्रोसेकंदांचे काही वाटणार नाही, हे मान्य. पण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनांचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हापासून आपल्या भागातली मुले फक्त मातीच्या सेन्सरपाशी थांबलेली नाहीत. ड्रोनचा तोल सांभाळणारा लूप सेकंदाला शेकडो वेळा फिरतो. तिथे फक्त कॉल शोधून थांबायची सवय महागात पडते.

सातबाराचा उतारा आठवून पाहा. तलाठ्याकडून मिळालेल्या नकलेवर तुम्ही पेन्सिलीने काहीही खरडा, मूळ नोंद हलत नाही. बाय व्हॅल्यूचा करार हाच आहे. ज्याला फक्त वाचायचे आहे त्याला मूळ दप्तर दाखवले तरी बिघडत नाही, नक्कल काढायचे श्रम वाचतात. मात्र त्याच्या हाती लेखणी असेल, किंवा तो वाचत असतानाच दुसरे कोणी मूळ नोंदीत फेरफार करणार असेल, तर नक्कल द्यावीच लागते. कंपायलरला प्रत्येक इनलाइन जागी हाच निवाडा करावा लागतो. एलएलव्हीएम कंपायलरमध्ये तो उघड दिसतो. मोठे स्ट्रक्चर बाय व्हॅल्यू घेणारे फंक्शन इनलाइन करताना, ते फंक्शन मेमरीत काहीही लिहीत नसेल तर कॉपी टाळली जाते. एरवी कॉलरच्या स्टॅकवर नवी जागा काढून तिथे मेमकॉपी घातली जाते, आणि ती अनावश्यक निघाली तर हटवायचे काम पुढच्या टप्प्यांवर सोपवले जाते.

ते पुढचे टप्पे नेहमी यशस्वी होत नाहीत. स्ट्रक्चरमध्ये दोन-तीन सुटे आकडे असतील तर त्यांचे स्वतंत्र व्हेरिएबल करून कॉपी विरघळवता येते. आत अॅरे असेल आणि त्याचा इंडेक्स चालत्या वेळी ठरत असेल, तर अॅरे मेमरीतच ठेवावा लागतो आणि कॉपीही राहते. आपल्या विद्यार्थिनीचे फंक्शन नेमके असेच होते. कंपायलर चुकला नव्हता. तिला ताजी नक्कल हवीच होती, आणि ती फुकट मिळणार नव्हती.

नकलेचा हा विचार इनलाइनिंगला नंतर जोडलेला नाही, त्याच्या मुळातलाच आहे. अल्गोल ६० च्या सुधारित अहवालात प्रोसीजरच्या कॉलचा अर्थच असा सांगितला आहे की, कॉलच्या जागी प्रोसीजरचा मजकूर ठेवल्यासारखे समजा. व्हॅल्यू म्हणून घेतलेल्या पॅरामीटरसाठी त्या मजकुराभोवती एक काल्पनिक ब्लॉक धरा, त्यात स्थानिक व्हेरिएबल आहेत आणि आत शिरण्यापूर्वी त्यांना किमती दिल्या आहेत असे माना. मेमकॉपी म्हणजे तोच काल्पनिक ब्लॉक यंत्राच्या भाषेत उतरलेला. मला हा परिच्छेद पहिल्यांदा वाचला तेव्हा फार आनंद झाला होता, आणि आजही वर्गात शिकवताना मी तिथूनच सुरुवात करतो.

म्हणून चाचणी दोन प्रश्नांची हवी. पहिला अर्थाचा: नक्कल खरोखर नक्कलच राहिली का? त्यासाठी असे फंक्शन लिहा, जे ग्लोबल स्ट्रक्चर बाय व्हॅल्यू घेते, आत त्या ग्लोबलचीच किंमत बदलते आणि मग आपला पॅरामीटर वाचते. उत्तर जुनेच आले पाहिजे. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, आकार कमी ठेवणाऱ्या ओ-एस पर्यायावर, सक्तीने इनलाइन करून आणि इनलाइनला सक्त मनाई करून, चारही वेळा तेच उत्तर यायला हवे. ही शंका उगाच नाही. यूटा विद्यापीठातल्या गटाने २०११ मध्ये मांडलेल्या अभ्यासात सीस्मिथ या साधनाने यादृच्छिक प्रोग्राम तयार करून वेगवेगळ्या कंपायलरांची उत्तरे ताडून पाहिली, तेव्हा सी कंपायलरांत आधी माहीत नसलेले ३२५ हून अधिक दोष सापडले होते.

दुसरा प्रश्न किमतीचा: नक्कल उरली का, आणि ती कुठे राहते? इथे चाचणी लिहिणाऱ्याचीच फसगत होते, आणि बहुतेक वेळा चाचणी फार सोपी असल्यामुळे होते. स्थिर आकडे दिले की कंपायलर सगळा हिशेब आधीच उरकतो आणि तपासायला काही उरतच नाही. स्टॅटिक फंक्शन एकाच जागेवरून बोलावले तर जीसीसी कंपायलर ते कितीही मोठे असले तरी सहसा इनलाइन करतो, ओ-एस वरसुद्धा. खऱ्या प्रोग्रामात तेच फंक्शन पाच ठिकाणांहून बोलावले की निकाल पालटतो. फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवले म्हणजे ते इनलाइन होणार नाही, हा भरवसाही आता धरता येत नाही. उनोच्या चिपसाठीची, म्हणजे एव्हीआरची, अर्डुइनोची जोडणी लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन चालू ठेवूनच येते. शिवाय नोइनलाइन लिहिले तरी कंपायलर फंक्शनची बदललेली प्रत बनवून पॅरामीटरची रचना पालटू शकतो. तेही नको असेल तर जीसीसी ८ पासून नोआयपीए हे अॅट्रिब्यूट आहे. तुलनेची खरी आधाररेषा त्यानेच मिळते.

लॅपटॉपवरचा निष्कर्ष बोर्डावर चिकटवू नका, हे मला विशेष कळकळीने सांगायचे आहे. लिनक्सच्या ६४ बिट इंटेल यंत्रावर १६ बाइटपर्यंतचे साधे स्ट्रक्चर रजिस्टरमधून जाऊ शकते, त्याहून मोठे स्टॅकवर ठेवले जाते. विंडोजवर हीच मर्यादा ८ बाइटची आहे आणि त्यापुढे कॉपीचा पत्ता जातो. ६४ बिट आर्मवर १६ बाइटनंतर कॉलर कॉपी करून तिचा पत्ता देतो. एव्हीआर जीसीसी आर्ग्युमेंटसाठी आर ८ ते आर २५ अशी १८ रजिस्टरे वापरतो. त्या मुलीचे स्ट्रक्चर चारच बाइटांनी बाहेर पडत होते.

आणि स्टॅक. फंक्शन वेगळे असताना ते परतले की त्याची जागा सुटायची. इनलाइन झाल्यावर नक्कल कॉलरच्या चौकटीत राहते, आणि कॉलर संपेपर्यंत ती जागा अडलेली असते. अर्डुइनोतले लूप हे फंक्शन बहुधा स्वतःच मेनमध्ये विरघळते, आणि मेन कधी संपत नाही. एसडी कार्डाच्या लायब्ररीचा एकटा बफर ५१२ बाइटचा असतो. उरलेल्या रॅममध्ये प्रत्येक नक्कल मोजावी लागते. लिनक्स कर्नलमध्ये केवळ स्टॅक वाचवण्यासाठी इनलाइनिंग रोखणारी वेगळी खूण आहे, ती याचसाठी. जीसीसीचा स्टॅक-युसेज हा पर्याय प्रत्येक फंक्शनची चौकट किती बाइटची ते फाइलमध्ये लिहून देतो. तो चालू ठेवायला काहीच खर्च नाही.

आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत कंपायलरचा विषय लेक्स आणि याकपाशी संपतो, याचे मला मनापासून दुःख आहे. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी आतून उघडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. अमिताभ सन्याल आणि बागेश्री साठे यांच्यासह लिहिलेले त्यांचे डेटा फ्लो अॅनालिसिसवरचे पुस्तक २००९ मध्ये आले. एवढे काम राज्यातच झालेले असताना जिंतूर-गंगाखेडच्या मुलाला असेंब्लीची यादी पहिल्यांदा नोकरीत दिसावी, हे बरे नाही. प्रयोगशाळेतले दोन तास यासाठी पुरतात.

त्या दिवशी आम्ही शेवटी काय केले ते सांगतो. फंक्शनला वेळेचे ४ बाइट लागतच नव्हते, म्हणून फक्त ९ वाचनांचे १८ बाइटचे स्ट्रक्चर वेगळे काढले आणि बाय व्हॅल्यूच ठेवले. नोआयपीए लावून आणि काढून दोन्ही याद्या शेजारी शेजारी छापल्या. एकीत वाचने रजिस्टरांतून आत शिरून स्टॅकवर उतरत होती, दुसरीत थेट कॉलरच्या चौकटीत. ती दोन्ही कागदांवर लाल पेनने प्रत्येक बाइटचा प्रवास खुणावत बसली. जेवणाची सुट्टी झाली तरी उठली नाही.