तालुक्याला ट्रॉमा सेंटर नको!

निवडणूक जवळ आली की आमच्या भागात एक मागणी हमखास होते: "आमच्या तालुक्यात ट्रॉमा सेंटर झालंच पाहिजे!" भाषण कुठल्याही पक्षाचं असो, या वाक्याला टाळ्या ठरलेल्या. माझं म्हणणं सरळ आहे. ही मागणी चुकीची आहे, आणि ती मान्य झाली तर नुकसान आपलंच आहे.

थांबा, लगेच चिडू नका. "पुण्यात एसीत बसून बोलायला काय जातं" हे मी घरीही ऐकलंय. पण मी पारोळ्याचाच आहे. आई-वडील आजही तिथेच राहतात, आणि काही झालं तर त्यांना त्याच रस्त्यावरून न्यावं लागणार आहे.

आधी नकाशा बघू. जुना एनएच-६, आताचा ५३. सुरतहून निघालेला हा रस्ता धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करत नागपूरकडे जातो. फागणे-तरसोद टप्प्याचं चौपदरीकरण कित्येक वर्षं रखडलं, ते खानदेशात सगळ्यांना पाठ आहे. ट्रक, ट्रॅव्हल्स, उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रिपल सीट मोटरसायकली, सगळे एकाच रस्त्यावर.

पारोळ्याहून धुळं साधारण ३५ किलोमीटर, जळगाव साधारण ५५. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. जळगावचं शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं. पण पारोळा तालुका जळगाव जिल्ह्यात! इंग्रजांनी १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, त्याची ही देणगी. म्हणजे जवळचं मोठं सरकारी हॉस्पिटल एका जिल्ह्यात, आणि आपले सिव्हिल सर्जन, आपली नियोजन समिती, आपला निधी दुसऱ्या जिल्ह्यात. लोक अर्थातच शहाणे आहेत. अपघात झाला की कुणीतरी ओरडतोच, "धुयाले लई जा रे!" लोकांनी ती रेघ केव्हाच पुसली. ती उरलीय फक्त कागदावर.

आता तालुक्याच्या ट्रॉमा सेंटरबद्दल. गंभीर जखमी माणसाला काय लागतं? भूल देणारा डॉक्टर, हाडांचा सर्जन, पोटाचा सर्जन, डोक्याला मार असेल तर न्यूरोसर्जन. सीटी स्कॅन, रक्त, आयसीयू. आणि हे सगळं रात्री तीन वाजता. चोवीस तास एक टेबल चालू ठेवायचं तर प्रत्येक विषयाचे तीन-चार माणसं लागतात, कारण सर्जनलाही झोप लागते. शिवाय ज्या टीमकडे रोज अशा केसेस येतात तिचाच हात चालतो. महिन्यात दोन केसेस बघणाऱ्या टीमचा चालत नाही. तालुक्यात आपण इमारत बांधू, फित कापू, फलक लावू. माणसं कुठून आणणार? आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर विकत घेतला, पण ऑन-कॉलला कुणीच नाही. वर पेशंट आधी त्या फलकाकडे जाणार, तिथे अर्धा-पाऊण तास घालवणार, आणि मग "पुढे न्या" हे ऐकणार. मोटार वाहन कायद्यात अपघातानंतरच्या पहिल्या तासाला "गोल्डन अवर" म्हटलंय. तो तास आपण फलक बघण्यात घालवायचा?

मग हवं काय? नेटवर्क. इंग्लंडने २०१२ मध्ये देशभर प्रादेशिक ट्रॉमा नेटवर्क सुरू केली (लंडनने दोन वर्षं आधीच). नियम साधा: अँब्युलन्समधला माणूस जागेवरच तपासतो. जखम गंभीर आणि मोठं केंद्र साधारण ४५ मिनिटांत गाठता येणारं असेल, तर मधलं छोटं हॉस्पिटल ओलांडून थेट तिथे जायचं. "पण तो इंग्लंड आहे", बरोबर? मग तामिळनाडू घ्या. तिथे २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या योजनेत अपघातानंतरचे पहिले ४८ तास मोफत उपचार मिळू लागले, सरकारी आणि यादीतल्या खाजगी हॉस्पिटलांतही. जखमी कुठल्या जिल्ह्याचा, कुठल्या राज्याचा, हे विचारायचंच नाही.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे. ९३७ गाड्या घेऊन ती सुरू झाली, आणि गाडीत डॉक्टर ही तिची खासियत. म्हणजे नोड आहेत, पॅकेट वाहून नेणारी गाडीही आहे. राउटिंग टेबल मात्र कुणी लिहिलेलं नाही!

आणि आता माझा खरा मुद्दा, ज्यावर कुठलाच पुढारी बोलत नाही. जीव वाचल्यानंतर काय?

माझा एक आतेभाऊ टेम्पो चालवायचा. हायवेवर अपघात झाला, डाव्या मांडीचं हाड मोडलं, गुडघ्याला मार. एका रात्रीत तीन हॉस्पिटलं फिरला, तीनदा एक्स-रे झाला, कारण आधीचा कुणी बरोबर पाठवलाच नाही. तरी ऑपरेशन उत्तम झालं. नंतर डिस्चार्ज कार्डवर लिहून मिळालं, "व्यायाम करणे." कुठला व्यायाम, किती, कोणाकडे? काही नाही. घरच्यांनी मायेपोटी त्याला तीन महिने पलंगावरून उठू दिलं नाही. आज तो गुडघा जेमतेम वाकतो. क्लच दाबता येत नाही. टेम्पो विकला. कुठल्याशा रजिस्टरमध्ये मात्र त्याची नोंद "यशस्वी शस्त्रक्रिया" अशीच असणार.

पाठीच्या कण्याला मार लागलेल्यांचं तर विचारू नका. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हे घरी कुणी शिकवलं नाही तर माणूस अपघाताने नाही, पाठीवरच्या जखमा चिघळून जातो. पुनर्वसनाची मोठी सरकारी संस्था मुंबईत हाजी अलीला आहे, १९५५ पासून. पारोळ्याहून साडेतीनशे किलोमीटर. लुळ्या पायांच्या माणसाला घेऊन दर पंधरा दिवसांनी कोण जाणार?

केंद्र सरकारची कॅशलेस योजना २०२५ च्या मे महिन्यात लागू झाली: दीड लाखापर्यंत उपचार, अपघातापासून सात दिवस. चांगली आहे, जरूर वापरा. पण मोडलेला गुडघा सात दिवसांत वाकायला लागत नाही. इंग्लंडच्या नेटवर्कमध्ये पेशंटसाठी औषधांसारखंच पुनर्वसनाचंही प्रिस्क्रिप्शन लिहितात. काय करायचं, कोणी, कुठे, सगळं त्यात.

थोडक्यात, ऑपरेशन एकदाच होतं, ते ३५ किलोमीटरवर चालेल. व्यायाम सहा महिने रोज असतो, तो घराजवळच हवा. आपण मागतोय नेमकं उलटं!

म्हणून माझी मागणी अशी:

१. धुळे आणि जळगाव मिळून एक नेटवर्क. गंभीर जखमी कुठे न्यायचा ते वेळेवरून ठरेल, जिल्ह्यावरून नाही. गाडी निघतानाच पुढच्या हॉस्पिटलला फोन.

२. तालुक्याच्या रुग्णालयाने श्वास, रक्तस्राव आणि मान सांभाळायची आणि पेशंट लगेच पुढे पाठवायचा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे २०१० च्या क्रॅश-२ अभ्यासात दिसलंय. ते तरी प्रत्येक ठिकाणी हवंच.

३. ट्रॉमा सेंटरच्या इमारतीच्या पैशात प्रत्येक तालुक्यात फिजिओथेरपिस्ट, आणि धुळ्या-जळगावला कृत्रिम अवयव बसवण्याची सोय. पेशंट परत येताना एक्स-रे आणि पुनर्वसनाची चिठ्ठी बरोबर.

४. दोन्ही जिल्ह्यांचं एकच रजिस्टर. त्यात सहा महिन्यांनी एक प्रश्न: हा माणूस कामावर परतला का?

"धुळ्याचं हॉस्पिटल आधीच भरलेलं आहे, त्यात आमचे पेशंट?" हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच बेड आणि माणसं तिथे वाढवा, दहा तालुक्यांत चिमूटभर वाटू नका. "दोन खाती आहेत, आरोग्य वेगळं आणि वैद्यकीय शिक्षण वेगळं." असतील. दोन्ही जिल्हे नाशिक विभागातच येतात ना? मग एका टेबलावर बसायला अडचण कसली?

अडचण एकच. नेटवर्कची फित कापता येत नाही, आणि फिजिओथेरपिस्टच्या नेमणुकीचं बॅनर लागत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी मतदानाला गावी जाल आणि उमेदवार ट्रॉमा सेंटरचं आश्वासन देईल, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: "साहेब, रात्री तीनला तिथे कोण असेल? आणि सहा महिन्यांनी माझ्या भावाचा गुडघा कोण वाकवून घेईल?"