चौरस फुटाला ४४६ रुपयांत घर बांधून दाखवा



घरकुले रखडवणाऱ्या लाभार्थ्यांना नोटिसा, ही बातमी या आठवड्यात आपल्या वृत्तपत्रात वाचली. पहिला हप्ता उचलून काम पुढे न नेणाऱ्यांकडून रक्कम वसूल केली जाईल, लाभार्थीच उदासीन आहेत, असे आढावा बैठकीत सांगण्यात आले. बातमीत बैठकीतल्या साहेबांचे म्हणणे सविस्तर आहे. लाभार्थ्याचे अवाक्षरही नाही. ते कुणीतरी मांडायला हवे, म्हणून लिहितो आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे असावे लागते. भागाकार करून पाहा: चौरस फुटाला ४४६ रुपये पडतात. आमच्या तालुक्यात कुठलाही ठेकेदार दीड हजाराच्या खालचा दर ऐकूनही घेत नाही, आणि तो दरही रस्त्याला लागून असलेल्या जागेचा. डोंगरउतारावरच्या वाडीपर्यंत डंपर जात नाही. चिरा, वाळू, सिमेंट खाली सडकेला उतरवून घ्यायचे आणि पाखाडीने डोक्यावरून वर चढवायचे. त्याची मजुरी वेगळी. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत आहे हे खरे, पण ती वाळू वाडीत चालत येत नाही.

हा १ लाख २० हजारांचा आकडा २०१६ सालचा आहे. इंदिरा आवासचे ७० हजार होते, ते वाढवून त्या वर्षी हा ठरला. त्यानंतर योजनेचा दुसरा टप्पा आला, राज्यासाठी लाखोंची नवी उद्दिष्टे आली, आकडा तसाच राहिला. सरकारला महागाई दिसत नाही असे म्हणावे, तर रोजगार हमीची मजुरी बघा. महाराष्ट्रात २०१६-१७ मध्ये ती रोज १९२ रुपये होती, २०२५-२६ मध्ये ३१२ झाली. म्हणजे सरकारच्याच हिशेबाने मजुराच्या जगण्याचा खर्च या काळात चांगला साडेबासष्ट टक्क्यांनी वाढला. तोच दर घरकुलाला लावा. १ लाख ९५ हजार होतात. हे गणित चौथीच्या पोराला घातले तरी तो सोडवील. मग जी महागाई मजुरी ठरवताना मान्य आहे, ती घर बांधताना कुठे जाते? शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. तोपर्यंत वर्षानुवर्षे तो २८ टक्के होता. लोखंडाच्या सळीवर १८ टक्के आहेच. गरिबाला घरासाठी दिलेल्या पैशातला एक भाग सरकार दुकानाच्या बिलावरच परत घेत आले आहे.

यावर पंचायत समितीत ठरलेले उत्तर मिळते, की एकूण २ लाख १० हजार मिळतात. ते कसे होतात तेही सांगायला हवे. शौचालयाचे १२ हजार त्यात आहेत. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी, सुमारे २८ हजार, त्यात आहे. राज्य सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलेली ५० हजारांची वाढ त्यात आहे, पण तिच्यातले १५ हजार छपरावरच्या सौर यंत्रणेसाठी आहेत. भिंतींना उरतात ३५ हजार. ते मिळवले तरी चौरस फुटाचा दर ५७६ रुपयांवर जातो. आणि ती मजुरी म्हणजे देणगी नव्हे. माणूस आपली रोजची मिळकत बुडवून स्वतःच्या घरावर राबतो, त्याचे ते पैसे आहेत. आंब्याच्या हंगामात बागेत जाणाऱ्या गड्याला ३१२ रुपयांपेक्षा कितीतरी जास्त हजेरी मिळते. त्या ९० दिवसांत त्याला फायदा नाही, तोटाच आहे.

नगरपंचायतीची हद्द ओलांडून आत गेले की याच योजनेच्या शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला अडीच लाख मिळतात. सिमेंटची गोणी त्याच दुकानातून येते, गवंडी तोच, चिऱ्याची खाणही तीच. हद्दीच्या अलीकडे मूळ अनुदान सव्वा लाखही नाही. खेड्यातल्या माणसाचे घर निम्म्या किमतीत उभे राहते, हे कुणी आणि कशाच्या आधारावर ठरवले?

ज्या नोटिसांचे एवढे कौतुक झाले, त्यातली एक मी स्वतः वाचून दाखवली आहे. आमच्या शेजारच्या वाडीत एक विधवा बाई राहतात, काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जातात. वाचता येत नाही म्हणून कागद घेऊन माझ्याकडे आल्या. पहिला हप्ता १५ हजारांचा. त्यात पाया खणून झाला, चिऱ्याची एक गाडी आली आणि जोते दोन थरांवर थांबले. जोते पूर्ण झाल्याचा फोटो मोबाइलवर जागेच्या नोंदीसह चढल्याशिवाय दुसरा हप्ता सुटत नाही, आणि दुसरा हप्ता हातात आल्याशिवाय जोते पूर्ण होत नाही. त्या अर्धवट जोत्याने पावसाळा काढला. चिऱ्यांवर शेवाळ धरले आहे, मधल्या भरावात टाकळा माजला आहे. बाई मागच्या जुन्या मातीच्या घरात राहतात. त्याची पावसाकडची भिंत ओघळली आहे आणि निम्म्या कौलांच्या जागी निळी ताडपत्री आहे. उसने घेऊन जोते पुरे करायला त्या तयार होत्या, पण विधवा बाईला उसने देणारा गावात मिळाला नाही. या बाईला सरकारी कागद 'उदासीन' म्हणतो, याचा मला मनापासून राग आला आहे.

घर मंजुरीपासून बारा महिन्यांत पुरे व्हावे असा नियम आहे. कोकणात जून ते सप्टेंबर बांधकाम होत नाही हे शेंबडे पोरही सांगेल. मुदत प्रत्यक्षात आठ महिन्यांचीच आहे.

आणि जागेचे काय? देशावर गावठाण असते. आमच्याकडे वाड्या आहेत, घरे शेतजमिनीतच उभी आहेत आणि सातबारा सामायिक. एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे, त्यातली काही मयत, वारसनोंद झालेली नाही, बाकीचे मुंबईत. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जागेत राहतो तिथे घर बांधायला या सगळ्यांची संमती आणायची. एका चुलत्याने सही अडवली की मंजूर घरकुल कागदावरच राहते. जागा नसणाऱ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला पूर्वी ५० हजार मिळत, आता १ लाख मिळतात. ५०० चौरस फूट म्हणजे अर्धा गुंठाही होत नाही. दलाल अख्खा सडा एकरांनी मागत असताना अर्धा गुंठा तोडून गावच्या मजुराला कोण देईल? रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत ८१ हजारांनी कमी झाली, सिंधुदुर्गाचीही घटली. माणसे कमी झाली म्हणजे जागा स्वस्त व्हायला हवी होती. झाले उलटेच. समुद्र दिसणाऱ्या प्लॉटच्या जाहिराती तुमच्याही अंकात पानभर असतात. त्या भावात आमच्या गावचा कुठलाही तरुण जागा घेऊ शकत नाही.

म्हणून मागणी एवढीच आहे. अनुदान १ लाख ९५ हजार करा. पहिला हप्ता जोत्याच्या खर्चाइतका द्या. पावसाळ्याचे महिने मुदतीतून वगळा. सामायिक सातबाऱ्यावर जो प्रत्यक्ष राहतो, त्याच्या घरपट्टीचा उतारा पुरेसा माना. तोवर वसुलीच्या नोटिसा मागे घ्या.

गावातल्या घरांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. उपकेंद्रावर नवीन परिचारिका आली, शाळेवर नवीन शिक्षक आले, की त्यांना गावात राहायला खोली मिळत नाही. ते रोज तालुक्याहून ये-जा करतात आणि आपण त्यांच्याच नावाने खडे फोडतो. गावात घरे नाहीत असे नाही. कुलूपबंद घरे वाडीवाडीत आहेत, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. एरवी वाळवी आणि उंदरांच्या ताब्यात. भाड्याने द्यायला सांगितले की मुंबईकर मंडळी म्हणतात, कूळ लागेल. ही भीती खोटी आहे. कूळकायदा शेतजमिनीचा आहे, राहत्या घराचा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, आणि त्याखाली अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार केला की मुदत संपताच घराचा ताबा मागता येतो. मुंबईतल्या आपल्या खोल्या हीच मंडळी त्या करारावर देतात. ग्रामपंचायतींनी अशा कराराचा नमुना कार्यालयात ठेवावा आणि येत्या गणपतीत, चाकरमानी गावात असतानाच, ग्रामसभा घेऊन तो त्यांना समजावून सांगावा.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ता. लांजा, जि. रत्नागिरी