फोटोत इंजिन सुरू होत नाही

घरात जुना ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं की मोबाइल तुमच्या हातात येतो. म्हणजे निम्मा निर्णयही तुमच्याच हातात येतो. म्हणून हे वाचाच.

दृश्य ओळखीचं वाटतंय का बघा. तुम्ही धुळ्याला किंवा शिरपूरला कॉलेजात. शनिवारी नरडाण्याला उतरता, घरी पोचता. जेवण झालं की आबा हळूच विचारतात, ‘भाऊ, तुना मोबाइलमा जुना ट्रॅक्टर दिखतस का?’ पाच मिनिटांत तुम्ही तीस-चाळीस फोटो काढून दाखवता. त्यातला एक सगळ्यांच्या नजरेत भरतो. रंग चकाचक, टायर काळेभोर आणि किंमत इतरांपेक्षा लाखभराने कमी. गाव मात्र दोनशे किलोमीटर लांब. फोन लावला तर समोरचा म्हणतो, ‘अजून दोन गिऱ्हाईकं तयार आहेत. आजच दहा हजार टोकन टाका, तुमच्यासाठी थांबवतो.’

आता सगळं घर तुमच्याकडे बघतं. कारण मोबाइलमधलं तुम्हालाच कळतं ना!

इथेच थांबा. तुम्हाला मोबाइल कळतो, पण म्हणून ट्रॅक्टर कळतो असं नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की घराचे पैसे जातात, आणि तेही तुमच्या बोटाने.

हा प्रश्न आत्ताच का?

खान्देशातल्या बऱ्याच घरांचं गणित कपाशीवर चालतं. कापसाचा पैसा हिवाळ्यात टप्प्याटप्प्याने येतो. उन्हाळ्यात नांगरटी, जूनमध्ये पेरणी, म्हणजे अवजार हवं ते मधल्या चार महिन्यांत. नवा ट्रॅक्टर घ्यायचा तर मोठं कर्ज आणि बऱ्याचदा सातबाऱ्यावर बोजा. मग ‘जुनाच बघू’ हा विचार चुकीचा नाही, शहाणपणाचाच आहे.

त्यात नरडाण्याची जागा बघा. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ रेल्वे इथे एकत्र येतात. वर सेंधव्याकडे मध्य प्रदेश, पश्चिमेला गुजरात. त्यामुळे मोबाइलवर एमएच १८, १९ आणि ३९ बरोबर एमपी आणि जीजे पासिंगचे ट्रॅक्टरही दिसतात. अंतर असं, की ‘जवळच तर आहे’ असं वाटतं, पण उठून जायचा कंटाळाही येतो. न बघता घ्यायचा मोह नेमका या अंतरातच होतो.

अजून एक ताजं कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. समजा नव्या ट्रॅक्टरची मूळ किंमत सात लाख. आधी कर ८४ हजार होता, आता ३५ हजार. म्हणजे ४९ हजारांचा फरक. नवा स्वस्त झाला की जुन्याचा भावही उतरायला हवा. पण विकणारा आपलं जुनं बिल पुढे करून भाव सांगतो. तेव्हा पहिलं काम घरबसल्या करा. त्याच मॉडेलचा किंवा त्याच ताकदीच्या नव्या ट्रॅक्टरचा आजचा भाव शोरूममध्ये विचारा. तो आकडा हातात नसेल तर ‘लाखभराने स्वस्त’ याला काही अर्थच नाही.

स्वस्त आहे, पण का?

कॉमर्स किंवा इकॉनॉमिक्सला असाल तर जॉर्ज अकरलॉफ हे नाव वाचलं असेल. या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक लेख लिहिला आणि २००१ मध्ये त्याला अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर असं: गाडीत काय खोट आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. घेणारा भितो आणि भाव पाडून मागतो. पडेल भावात चांगली गाडी कोण विकणार? तो मालक बाजारातून उठून जातो. उरतो तो खराब माल.

न बघता व्यवहार केला की हीच दरी आणखी रुंदावते. चांगला ट्रॅक्टर असलेल्याला तुम्ही येऊन बघितलेलं हवंच असतं, कारण बघितल्यावरच त्याला भाव मिळतो. म्हणून ‘यायची गरज नाही, फोटोत सगळं आहे’ हे वाक्य ऐकलं की कान टवकारा.

आपल्याकडे हे कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस बघा. तो दात बघतो, खूर बघतो, चाल बघतो. फोटो बघून तिथे कुणी पैसे मोजत नाही. बैलाचंही तेच. मग बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला तेव्हा ही रीत का सोडायची?

लोखंड आणि कागद

जुनं यंत्र घेताना दोन गोष्टी तपासायच्या असतात, लोखंड आणि कागद. कागद बराचसा मोबाइलवर तपासता येतो. लोखंड येत नाही.

आधी कागद. आरसी मागा. वाहनाचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका. नोंदणीची तारीख, विमा, गाडीवर कुणाचं कर्ज आहे का, हे तिथे कळतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण बोलणारा माणूस तोच आहे का याचा अंदाज येतो. फायनान्स कंपनीचं नाव दिसत असेल तर ‘हप्ते फिटले’ या शब्दावर जाऊ नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नाहीतर हप्ते त्याने थकवायचे आणि ट्रॅक्टर तुमच्या दारातून उचलला जायचा.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातला ट्रॅक्टर असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. ट्रॉलीचं आरसी वेगळं असतं, हे बरेच जण विसरतात. रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, थ्रेशर यांना तर आरसीच नसतं. तिथे मूळ बिल आणि यंत्रावरचा नंबर हाच पुरावा. सरकारी अनुदानावर घेतलेलं अवजार ठरावीक वर्षं विकायचं नाही अशी अट असते. तेव्हा ‘अनुदानातलं आहे का?’ हेही विचारा.

आता लोखंड. अवरमीटरवरचा आकडा बदलता येतो, मीटर बंदही ठेवता येतं. पण क्लच-ब्रेकच्या पायट्याचं झिजलेलं रबर खोटं बोलत नाही. मीटर म्हणतं पंधराशे तास आणि पायटा गुळगुळीत, तर काहीतरी लपवलं जातंय. इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन कसंही पटकन सुरू होतं. निळा धूर निघाला तर ऑइल जळतंय, म्हणजे इंजिनकाम जवळ आलं. काळा धूर निघत राहिला तर डिझेल नीट जळत नाही. ऑइलचा रंग दुधाळ दिसला तर त्यात पाणी शिरलंय. लिफ्टवर नांगर उचला, इंजिन बंद करा आणि बघा. तो भराभर खाली बसला तर हायड्रॉलिकमध्ये काम आहे. आणि इंजिन नंबर, चेसिस नंबर आरसीशी जुळवाच. नवा रंग दिसला तर त्याखाली वेल्डिंग आहे का ते बोटाने चाचपा.

यातलं किती फोटोत दिसतं? जवळजवळ काहीच नाही. व्हिडिओ कॉलवर थोडं दिसतं, पण कॅमेरा कुठे फिरवायचा ते विकणारा ठरवतो.

फसलात तर कायदा आहे, पण…

वस्तू विक्री कायदा १९३० चा आहे. वर्णन सांगून विकलेला माल त्या वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे, असं तो सांगतो. न बघता घेतलेला माल आल्यावर तपासायची वाजवी संधी घेणाऱ्याला मिळाली पाहिजे, हेही त्यात आहे. म्हणून जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवा. विक्रेता व्यापारी असेल आणि ट्रॅक्टर स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः कसायला घेतलेला असेल, तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मार्गदर्शनासाठी १९१५ हा क्रमांक आहे.

पण एखाद्या शेतकऱ्याने स्वतःचा जुना ट्रॅक्टर विकला असेल तर तो व्यापारी नसतो. मग दिवाणी दावा, तारखा आणि वकील. बँकेच्या लिलावात तर ‘जसं आहे, जिथे आहे’ हीच अट असते. तिथे बघायची तारीख नोटिशीत दिलेली असते. ती चुकवून बोली लावणं म्हणजे आपणहून डोळ्यांवर पट्टी बांधणं.

आणि समोरचा विक्रेताच नसेल तर? ‘फौजेत आहे, बदली झाली, घाईत विकायचंय’ ही गोष्ट गेली काही वर्षं देशभर फिरतेय. आधी टोकन, मग वाहतूक, मग ‘गेटपास’. लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरत जातात.

विकताना दुसरी बाजूही सांभाळा. घरचा जुना ट्रॅक्टर देऊन टाकला पण आरटीओत नाव बदललं नाही, आणि पुढे अपघात झाला, तर? सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की ज्याच्या नावावर नोंद तोच मालक धरला जाईल आणि भरपाईची जबाबदारीही त्याची. सही केलेला कोरा फॉर्म देऊन मोकळं होणं महागात पडतं.

मग करायचं काय?

तुम्ही म्हणाल, फोन ऑनलाइन घेतो, कपडे घेतो, मग ट्रॅक्टरच का नको? कारण फोन आवडला नाही तर परत जातो. दीड-दोन टनांचं धूड परत पाठवायचं भाडं कोण देणार? आणि त्यात पेरणी निघून गेली तर ते नुकसान कोणत्या बिलात लिहिणार?

तरीही प्रत्येक जाहिरातीमागे आबांनी दोनशे किलोमीटर जावं असं नाही. इथे तुमच्याकडे एक गोष्ट आहे, जी आबांकडे नव्हती. तुमच्या होस्टेलवर शहाद्याचा कुणीतरी आहे, चोपड्याचा आहे, दोंडाईचाचा आहे, कदाचित सेंधव्याचाही आहे. यंत्र ज्या गावात आहे त्याच्या जवळचा मित्र शोधा. त्याला सांगा, ‘तुझ्या ओळखीचा मिस्तरी घे आणि एक चक्कर मार.’ मिस्तरीची मजुरी आणि पेट्रोल तुम्ही द्या. उद्या तुमच्या गावातला ट्रॅक्टर त्याच्या काकांना बघायचा असेल तर तुम्ही जा. दहा-बारा मित्रांची अशी साखळी कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाची.

मित्राने ‘ठीक आहे’ म्हटलं की मग घरचं माणूस आणि आपला नेहमीचा मिस्तरी जाऊ द्या. पैसे द्यायचे ते तिथे, यंत्र सुरू करून, कागद हातात घेऊन. शक्यतो बँकेतून, आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात.

घरात मात्र एक अवघड काम तुम्हालाच करावं लागेल. सगळे उत्साहात असताना, ‘इतका स्वस्त परत मिळणार नाही’ असं काका म्हणत असताना, मोबाइल खाली ठेवून म्हणायचं, ‘आबा, पहिले देखीसन येऊ, मंग पैसा देऊ.’ थोडी नाराजी होईल. ट्रॅक्टर हातचा गेला असंही वाटेल. जाऊ द्या. जुने ट्रॅक्टर पुढच्या आठवड्यातही विकायला येतील. कापसाचे पैसे मात्र पुढच्या वर्षीच येतात.