किल्ली कोणाची, नोंद कोठें?

सुरगाण्याचे एक वाचक आम्हांस विचारितात कीं, त्यांचा पुतण्या घरीं बसून नाशिकच्या एका संस्थेचा सर्व्हर सांभाळतो. त्याचा सहकारी काम सोडून गेला, परंतु त्याच्याजवळची प्रवेशाची किल्ली तशीच राहिली. आतां काय करावें? आज पुष्कळ घरांतील तरुण मंडळी हेंच काम करितात, म्हणून या प्रश्नाचा विचार येथें करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ही किल्ली लोखंडाची नव्हे. ती संगणकांतील एक लहानशी फाईल आहे. पूर्वी दूरच्या यंत्रावर पासवर्ड उघडाच पाठवीत. १९९५ सालीं फिनलंडांतील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठांत असे पासवर्ड वाटेंतच चोरले गेले, तेव्हां तातू युलोनेन यांनीं एसएसएच ही पद्धति काढिली. तिचें मुक्त रूप, ओपनएसएसएच, १९९९ सालीं ओपनबीएसडीच्या कार्यकर्त्यांनीं प्रसिद्ध केलें. तींत किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्ली मालकाजवळ राहते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरील 'ऑथोराइझ्ड कीज' या फाईलींत एका ओळीनें नोंदितात. खासगी किल्ली वाटेनें जात नाहीं. ती जवळ असल्याचा पुरावा तेवढा जातो.

तेव्हां किल्ली परत मागून उपयोग नाहीं. फाईलीच्या नकला किती झाल्या, हें कोणीं सांगावें? सुरगाण्याचें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, त्यासरशीं संस्थानी शिक्क्याचा अधिकार संपला. त्यासाठीं धातु वितळवावा लागला नाहीं. किल्लीचेंहि तसेंच आहे. तिचें बळ सर्व्हरवरील नोंदींत आहे. ती ओळ काढून टाकावी. तीच ओळ दुसऱ्या खात्यांत किंवा यंत्रांत असेल तर तेथूनहि काढावी. मात्र आधींच जोडलेला संबंध एवढ्यानें तुटत नाहीं. तो निराळा बंद करावा.

नोंदीचें महत्त्व २००८ सालीं सर्वांस कळलें. डेबियन या लिनक्स-प्रणालींत २००६ सालीं झालेल्या एका फेरफारामुळें तींत बनलेल्या किल्ल्या वरून चांगल्या दिसत, परंतु प्रत्येक प्रकारांत अवघ्या ३२,७६७ च शक्य होत्या; चोरानें सर्व लावून पाहाव्यात इतक्या थोड्या! मे २००८ मध्यें हें उघड झालें. अशा किल्लीची ओळ ज्या सर्व्हरवर असे, तो स्वतः डेबियनचा नसला तरी धोक्यांत असे. कोणती किल्ली कोठें नोंदिली आहे याची यादी ज्याच्याजवळ नसेल, त्यानें सुरुवात कोठून करावी?

म्हणून आमची सूचना अशी. एक किल्ली चौघांत वांटूं नये. प्रत्येकाची निराळी असावी. ओळीच्या शेवटीं मालकाचें नांव व तारीख लिहावी. खासगी फाईल मालकावांचून कोणास वाचतां येऊं नये. इतरांस वाचतां येणारी किल्ली ओपनएसएसएच स्वतःच नाकारतें. तिला सांकेतिक वाक्याचें कुलूप असावें. एका किल्लीवर सारें काम अडूं नये म्हणून दुसऱ्या जबाबदार माणसाचीहि किल्ली नोंदलेली असावी. आणि दर तिमाहीस यादी वाचून ओळखीचें नसेल तें काढावें.

एकत्र कुटुंबांत तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हें घरच्या वडील माणसांस न विचारतां ठाऊक असतें. सर्व्हर सांभाळणाऱ्या तरुणांनीं हीच संवय लेखी ठेविली, तर कोणी काम सोडून गेल्यावर मागें राहिलेल्यांची झोंप उडणार नाहीं.