ऊन लागले, की पक्षाघात?

वैशाखातील दुपार. सकाळपासून पापड लाटणाऱ्या आजींच्या हातून लाटणे एकाएकी निसटते. विचारलेल्या प्रश्नाला त्या भलतेच उत्तर देतात. ‘ऊन लागले असेल, पडू द्या जरा,’ असे म्हणून घरातील मंडळी कैरीचे पन्हे पुढे करतात. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात ही शंका स्वाभाविक आहे. परंतु वाचकहो, ही पक्षाघाताची, म्हणजेच लकव्याची, सुरुवात असू शकते.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की पक्षाघात होतो. तोंड वाकडे होणे, एका बाजूच्या हातापायातील बळ जाणे, बोलणे अडखळणे, दृष्टी अंधुक होणे, तोल जाणे ही लक्षणे स्त्री-पुरुष दोघांतही आढळतात. स्त्रियांमध्ये त्यांच्या जोडीला अचानक गोंधळणे, तीव्र डोकेदुखी, मळमळ किंवा विलक्षण थकवा दिसू शकतो. मग ‘पित्त झाले’, ‘अशक्तपणा आहे’ असे म्हणून मोलाचा वेळ दवडला जातो. ‘मला काही झालेले नाही,’ असे त्या स्वतःही म्हणतील. तेवढ्यावर विसंबू नये. लक्षण ‘अचानक’ उद्भवले, हीच मुख्य खूण.

त्यांना हसण्यास सांगा, दोन्ही हात वर धरण्यास सांगा, एखादे सोपे वाक्य म्हणवून घ्या. यांपैकी एकही गोष्ट नीट न जमल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. त्या शेवटच्या पूर्ण बऱ्या केव्हा होत्या, ती वेळ लिहून ठेवा. पाणी, पन्हे वा गोळी तोंडाने काहीही देऊ नका. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. तेल चोळण्यातही वेळ घालवू नका. उष्माघातातही भान हरपते. तेव्हा शंका कोणतीही असो, जागा रुग्णालयाचीच.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावर. रावेर, चोपडा, शिरपूर किंवा साक्रीहून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यातच बराच वेळ जातो. म्हणून जवळ सीटी स्कॅनची सोय कोठे आहे, याची चौकशी आजच करून ठेवा.

लक्षणे दहा मिनिटांत ओसरली, तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. तो पुढील मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. घरातील सर्वांची काळजी वाहणारी स्त्री स्वतःच्या दुखण्याविषयी क्वचितच बोलते. तिच्याकडे लक्ष ठेवणे हे आपले काम आहे.