'फास्टिंग' म्हणजे रोजा नव्हे

गेल्या महिन्यात आमच्या राजोडीच्या घरी एक घोटाळा झाला, आणि तोही आमच्याच हातून. अम्मींच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'फास्टिंग ब्लड शुगर' लिहिले होते. आम्ही तेवढे वाचून सांगून मोकळे झालो, "अम्मी, उपाशीपोटी रक्त द्यायचे आहे." अम्मी म्हणाल्या, "मग गुरुवारी देते. माझा नफिल रोजा असतोच." पहाटे साडेचारला सेहरी करून नऊ वाजता त्या नालासोपाऱ्याला रक्त देऊन आल्या. साखर बरीच जास्त निघाली. डॉक्टर गोळी वाढवणार, एवढ्यात त्यांनी विचारले, "शेवटचे कधी खाल्ले होते?" तेव्हा उलगडा झाला.

चिठ्ठीच्या खालच्याच ओळीत 'ओव्हरनाइट, 8 अवर्स, वॉटर अलाउड' असे होते. म्हणजे रात्रीपासून निदान 8 तास काही खायचे नाही, पाणी मात्र चालते. सेहरीला तर साडेचारच तास झाले होते. वर्गात मुलांना "पुढची ओळ वाचा, अर्थ तिथे असतो" म्हणणारे आम्हीच घरी तीन शब्दांवर थांबलो!

इंग्रजी जोडशब्दात मुख्य शब्द बहुधा शेवटी असतो, मराठीतल्या तत्पुरुष समासासारखा. 'हाऊस बोट' ही बोट, 'बोट हाऊस' हे बोटी ठेवायचे घर. उर्दूच्या इजाफतीत उलटे. 'दर्द-ए-दिल'मध्ये मुख्य तो दर्द, आणि तो आधी येतो. उर्दू माध्यमातली आमची मुले कधी कधी इथेच अडखळतात.

मुख्य शब्द सापडला तरी पहिल्याचे त्याच्याशी नाते काय, हे आजूबाजूच्या मजकुरावरूनच कळते. 'स्लीपिंग पिल' झोपत नाही, झोपवते. 'स्लीपिंग पार्टनर' झोपतही नाही आणि झोपवतही नाही; धंद्यात पैसा घालतो, कारभार दुसऱ्यावर सोडतो. आणि 'शुगर फ्री' बिस्किटात साखर फुकट मिळत नाही, ती नसतेच.

सोमवारी अम्मींनी पुन्हा रक्त दिले, रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी पिऊन. आकडा खाली आला, गोळी होती तीच राहिली. त्या खुशीत धाकट्या भावाने संत्र्याच्या रसाची बाटली आणली, वर 'नो अॅडेड शुगर'. "यात साखर नाही, अम्मी, बिनधास्त प्या." आम्ही बाटली फिरवून मागचा तक्ता वाचला. 'अॅडेड शुगर्स'पुढे शून्य होते, पण 'टोटल शुगर्स'पुढे चांगला दोन अंकी आकडा. ती फळाची स्वतःची साखर. अम्मींनी चष्मा लावून दोन्ही ओळी स्वतः पाहिल्या आणि बाटली नातवंडांकडे सरकवली.