पुढे एक, मागे दुसरे : टायरच्या काटकसरीची किंमत

बारामती : ट्रॅक्टरची पुढची चाके लहान आणि मागची मोठी का असतात, हे बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पुढची चाके वळवतात, मागची ओढतात. दारात उभ्या असलेल्या मोटारीच्या बाबतीत मात्र हाच विवेक बाजूला पडतो. दोन टायर झिजले की दोनच बदलायचे, दुकानात नेमके माप नसेल तर ‘जवळचे’ माप बसवून घ्यायचे, किंवा गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मागे रुंद टायर घालायचे, हे प्रकार सर्वत्र आढळतात. ‘ट्रॅक्टरला चालते, मग मोटारीला का नाही?’ हा त्यावरचा ठरलेला युक्तिवाद. तो वरवर बिनतोड वाटत असला, तरी फसवा आहे.

ट्रॅक्टरची चाके असमान असली, तरी ती असमानता हिशेबातली असते. साध्या ट्रॅक्टरला पुढे ६.००-१६ आणि मागे १३.६-२८ ही मापे प्रचलित आहेत. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये तर पुढच्या चाकांचा वेग मागच्यांपेक्षा किंचित अधिक राहील, अशा बेताने गिअरची रचना केलेली असते. तेथे केवळ पुढचे टायर वेगळ्या मापाचे बसवले, तर हे गणित बिघडते आणि टायरची झीज व गिअरवरील ताण दोन्ही वाढतात.

दुसरे उदाहरणही बारामतीचेच आहे. येथील औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या कारखान्यात २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागली. तिच्या व्हीएक्सएल श्रेणीला पुढे ११०/७०-११ आणि मागे १२०/७०-१० मापाचा टायर दिलेला आहे. म्हणजे मागचा टायर रुंद, पण त्याची रिम लहान. मोटारींतही पोर्श ९११ सारख्या, इंजिन मागे असलेल्या गाडीला मागे अधिक रुंद टायर असतात, कारण वजन आणि शक्ती दोन्ही मागे असतात. या सर्व वाहनांत फरक आधी ठरला आणि निलंबन, ब्रेक व सुकाणूची रचना त्याला धरून झाली. घरगुती मोटारीत रचना आधीच झालेली असते आणि फरक नंतर येऊन चिकटतो.

आकडे काय सांगतात?

टायरवरील १८५/६५ आर १५ या खुणेचा अर्थ सरळ आहे. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १५ इंच. या हिशेबाने टायरचा एकूण व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर भरतो. त्याच रिमवर २०५/६५ मापाचा टायर चढवला, तर व्यास सुमारे ६४८ मिलिमीटर होतो. फरक चार टक्क्यांचा. डोळ्यांना तो जाणवतही नाही. परंतु एक किलोमीटर जाताना लहान टायरचे सुमारे ५१२ फेरे होतात आणि मोठ्याचे ४९२.

हे वीस फेरे गाडीतील यंत्रणेला मात्र जाणवतात. एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जागीच अडकू न देणारी यंत्रणा, बंधनकारक आहे. चारही चाकांच्या वेगांची सतत तुलना करून ती निर्णय घेते. एखादे चाक हळू फिरत असेल, तर ते घसरत असल्याचा तिचा समज होऊ शकतो. थोडा फरक ती सामावून घेते. मर्यादा ओलांडली की सूचनेचा दिवा लागणे किंवा ब्रेकचा जोर चुकीच्या चाकाकडे कमी-अधिक होणे संभवते.

व्यास सारखा ठेवला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. मारुती स्विफ्टच्या २०१८ मध्ये आलेल्या पिढीत खालच्या श्रेणीला १६५/८० आर १४ आणि वरच्या श्रेणीला १८५/६५ आर १५ असे टायर होते. दोहोंच्या व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक. तरीही कंपनीने एकाच गाडीला पुढे एक आणि मागे दुसरे माप दिले नाही. रुंदी बदलली, भिंतीची उंची बदलली की टायरची पकड आणि वळणावर लवण्याची रीत बदलते. मग गाडीची दोन टोके दोन वेगळ्या स्वभावांची होतात.

धोका मागच्या चाकांत

या स्वभावभेदाची परीक्षा रोजच्या संथ प्रवासात होत नाही. ती गाळप हंगामात होते. रात्रीच्या वेळी उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर अचानक समोर दिसतो आणि चालक एकाच क्षणी ब्रेक दाबतो व सुकाणू वळवतो. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते आणि मागची चाके हलकी होतात. अशा वेळी मागचे टायर अरुंद किंवा झिजलेले असतील, तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी स्वतःभोवती फिरते. ती सावरणे भल्याभल्या चालकांनाही जमत नाही. पहिल्या पावसात धूळ व तेलाचा चिखल झालेल्या रस्त्यावर तर हे आणखी कमी वेगात घडते.

मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर असतील, तर उलटे घडते. पुढची चाके आधी घसरतात आणि गाडी वळणावर न वळता सरळ जाऊ पाहते. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान मोटारींत ओढण्याचे, वळवण्याचे आणि ब्रेकचेही बहुतांश काम पुढचीच चाके करतात. त्यांना दुबळे करून मागे रुबाब वाढवणे हा उफराटा व्यवहार आहे.

गैरसमज येथेच संपत नाही. ‘पुढची चाके जास्त झिजतात, म्हणून नवे टायर पुढे’ हा सल्ला हमखास मिळतो. टायर कंपन्यांचा सल्ला मात्र याउलट आहे. दोनच नवे टायर घ्यायचे असतील, तर ते मागे बसवावेत आणि जुन्यांपैकी चांगले दोन पुढे आणावेत. पुढची पकड सुटत असल्याचे सुकाणूवर कळते. मागची सुटल्याचे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

कायदा आहे, तपासणी नाही

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, असाही नियम आहे. अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेल्या बदलावर बोट ठेवले, तर भरपाईचाही वाद उभा राहू शकतो.

प्रश्न आहे तो हे पाहणार कोण, हा. व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांसाठी होते. एमएच ४२ क्रमांकाची नवी मोटार बारामतीच्या परिवहन कार्यालयातून एकदा बाहेर पडली, की पंधरा वर्षांत तिचे टायर अनेकदा बदलले जातात. पण ते तपासण्याची कोणतीही नियमित व्यवस्था नाही. समृद्धी महामार्गावर अपघातांची मालिका सुरू झाल्यानंतर २०२३ मध्ये प्रवेशद्वारांवर टायर तपासले जाऊ लागले आणि झिजलेल्या टायरची वाहने परत पाठवण्यात आली. तपासणी शक्य आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

बारामती-इंदापूर परिसरासाठी ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. पुणे-सोलापूर महामार्ग इंदापुरातून जातो. पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज मार्गे तोंडले-बोंडलेपर्यंतच्या सुमारे १३० किलोमीटर संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो. परंतु त्याच रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि आषाढात लाखो वारकरीही असतात.

मालकाने पाळायचे पथ्य अवघड नाही. एका आसाच्या दोन्ही बाजूंना माप, बनावट आणि झीज सारखीच हवी. डनलॉप गाडीचे एक चाक लहान असेल तर ती एका अंगाला कलते, हे बैलगाडीवानही जाणतो. पुढे आणि मागे वेगळी मापे फक्त उत्पादकाने तशी दिली असतील तरच बसवावीत. दाराच्या चौकटीवरील पट्टीत माप व हवेचा दाब दिलेला असतो. मापानंतरचा ‘८८ एच’सारखा संकेत पाहावा, ८८ म्हणजे प्रत्येक टायरवर ५६० किलोचा भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. नवा टायर यापेक्षा कमी क्षमतेचा नसावा. लहान मापाचे जादा चाक केवळ दुकानापर्यंत पोचण्यासाठी असते, महिनोन्‌महिने फिरवण्यासाठी नव्हे.

दोन टायरच्या पैशांची बचत घरखर्चाच्या वहीत लगेच दिसते. तिचा दुसरा रकाना मात्र रस्त्यावर भरला जातो आणि तो भरणारा प्रत्येक वेळी गाडीचा मालकच असेल, असे नाही. समोरून येणारा दुचाकीस्वार किंवा कडेने चालणारा वारकरीही तो असू शकतो.